अपडेट मारला आणि सगळं गेलं!

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की ब्राउझरचा, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स वगैरेचा, अपडेट आला तर टाळू नका, मारून टाका. झालं! तेव्हापासून पत्रं, मेसेज, आणि आमच्या विश्रामबागच्या दुकानात समक्ष येऊन केलेली भांडणं, सगळ्यांची सुरुवात एकच, "अपडेट मारला आणि…" एका काकांनी तर चहा संपेपर्यंत मला नुसतं ऐकवलं आणि जाताना म्हणाले, तुमच्यावर राग नाही हो, पण दुसऱ्या कुणाला बोलू? बरोबरच आहे, ब्राउझरवाली कंपनी काय सांगलीत गाळा घेऊन बसलेली नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. आधीच सांगून ठेवतो, आलेल्या तक्रारींमधे निम्म्याहून जास्त ठिकाणी गेलेलं काहीच नव्हतं, फक्त जागा बदलली होती, नाहीतर चोर तिसराच होता. पण काही ठिकाणी अपडेटचीच चूक आहे आणि तिथं मी अपडेटची वकिली करणार नाही.

प्रश्न : दादा, आमचं तासगावला बेदाण्याचं आडत दुकान आहे. फायरफॉक्स वापरतो, गेली दहा वर्षं तोच. फार हळू चाललाय म्हणून भाच्यानं जुना काढला आणि नवीन व्हर्जन टाकलं, उघडून बघतो तर कोरा करकरीत. बँकेचे, जीएसटीचे पासवर्ड, वरच्या पट्टीतले बुकमार्क, काही म्हणजे काही शिल्लक नाही. भाचा म्हणतो नव्या व्हर्जनमधे जुनं येत नसतं. तीन दिवस झाले मी त्याच्याशी बोलत नाहीये. — आडतदार, तासगाव

उत्तर : आधी भाच्याशी बोला, पोराची चूक निम्मीच आहे. तुमच्याच धंद्यातलं सांगतो. माल सगळा कोल्ड स्टोरेजला आहे, आणि तुम्ही रिकाम्या दुकानात बसून माल गेला म्हणताय. फायरफॉक्सचा प्रोग्रॅम वेगळा आणि तुमचे बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी ज्या फोल्डरमधे राहतात तो वेगळा, त्या फोल्डरला प्रोफाइल म्हणतात. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल तिथंच पडून राहतं. मे २०१९ मधे फायरफॉक्स ६७ आला तेव्हापासून त्यांनी असं केलंय की वेगळ्या ठिकाणी वेगळं इन्स्टॉल केलं की त्याला नवीन प्रोफाइल मिळतं, आणि नव्या व्हर्जननं वापरलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनला उघडू देत नाहीत, खराब होऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण वापरणाऱ्याला कोण सांगतंय? त्याला दिसतो कोरा पडदा.

आता असं करा. वर जिथं साइटचं नाव टाकतो तिथं इंग्रजीत अबाउट, मग कोलनचे दोन टिंब, मग प्रोफाइल्स, असं सलग टाइप करून एंटर मारा. एक यादी येईल. तुमच्याकडं बहुतेक दोन नावं असतील, एक नुसतं डिफॉल्ट आणि दुसरं डिफॉल्ट रिलीज, कधी तीनही असतात. प्रत्येकाखाली त्या प्रोफाइलनं नवीन ब्राउझर उघडायचं बटण असतं, एकेक करून दाबत जा. ज्याच्यात तुमची पट्टी दिसेल ते तुमचं. सापडलं की तेच डिफॉल्ट करा. आणि शेजारी रिमूव्ह नावाचं बटण आहे त्याला हात लावू नका म्हणजे लावू नका, मागच्या वर्षी एका गुरुजींनी "नको असलेलं" काढताना हवं असलेलं काढलं आणि मग आम्ही दोघं दुकानात अर्धा तास एकमेकांकडं बघत बसलो होतो.

यादीत नाही सापडलं तर डेस्कटॉपवर बघा, ओल्ड फायरफॉक्स डेटा अशा नावाचा फोल्डर आहे का. भाच्यानं काढून टाकायच्या आधी "रिफ्रेश फायरफॉक्स" दाबून बघितलं असेल तर जुनं सामान तिथं ठेवलेलं असतं. लोक तो फोल्डर कचरा समजून डिलीट करतात, म्हणून आत्ता सांगून ठेवतोय.

माल सापडल्यावर एक काम नक्की करा, फायरफॉक्सचं सिंकचं खातं उघडा, म्हणजे बुकमार्क, पासवर्डची एक प्रत तिथं पण राहील. पासवर्ड फाइलमधे काढून ठेवायची पण सोय आहे, पण त्या सीएसव्ही फाइलमधे सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, ती आडत दुकानाच्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपवर ठेवायची वस्तू नाही. काढलीच तर पेनड्राइव्हवर घ्या, तो कपाटात टाका, आणि कॉम्प्युटरवरची उडवा, रिसायकल बिनमधनं पण.

(क्रोमवाल्यांनी पण हे वाचा. क्रोममधे "सगळं गेलं" वाटलं तर आधी वर उजव्या कोपऱ्यातला गोल फोटो बघा. दहातल्या चार वेळा घरातल्या पोरानं स्वतःचं प्रोफाइल उघडून ठेवलेलं असतं.)

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. पूर्वी काही डाउनलोड केलं की खाली पट्टी यायची आणि त्यावर टिचकी मारली की उघडायचं. आता खाली काहीच येत नाही. हयातीच्या दाखल्याचा कागद मी चार वेळा डाउनलोड केला, शेवटी सून म्हणाली नेट खराब असेल. कृपया पट्टी परत कशी आणायची ते सांगावे. — कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : बाई, नेट खराब नाही, आणि तुम्ही चार वेळा नाही, माझा अंदाज आहे की जास्तच वेळा डाउनलोड केलाय. कॉम्प्युटरमधला डाउनलोड्स नावाचा फोल्डर उघडा, एकच नाव आणि पुढं कंसात १, २, ३ असे आकडे घातलेल्या फायली रांगेनं उभ्या असतील. आमच्याकडं एकांचे कंसातले आकडे २६ पर्यंत गेले होते, वीजबिल होतं, एकाच महिन्याचं.

क्रोमनं २०२३ च्या ऑगस्टच्या सुमारास ती खालची पट्टी काढली आणि वर उजव्या हाताला, पत्ता टाइप करतो त्या ओळीच्या शेवटी, ट्रेमधे पडणाऱ्या बाणाचं एक छोटं चित्र दिलं. फाइल उतरली की ते चित्र जरा चमकतं आणि गप होतं. आता मला सांगा, ज्या माणसाची नजर पंधरा वर्षं खाली जायची सवय लागलीय त्याला वर चमकलेलं कसं दिसणार? ही त्यांची चूकच आहे असं माझं मत. निदान महिनाभर तरी खाली एक पाटी लावायची होती, दुकान समोरच्या बाजूला हलवले आहे म्हणून.

जुनी पट्टी परत येत नाही. सुरुवातीला आतल्या सेटिंगमधनं आणता यायची, नंतर तेही बंद केलं, त्यामुळं कुणी शंभर रुपये घेऊन आणून देतो म्हणाला तर देऊ नका. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा, कंट्रोल दाबून धरायचं आणि इंग्रजी जे (J) हे अक्षर दाबायचं. डाउनलोड केलेल्या सगळ्यांची यादी समोर येते. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनला चिकटवा, आमच्या आईनं तसंच केलंय.

प्रश्न : कराडजवळ सेवा केंद्र चालवतो. दोन मशीन विंडोज ७ वर आहेत, चांगली चालतात, पण ब्राउझर अपडेटच होत नाही, वर एक पिवळी पट्टी येऊन बसते ती पण जात नाही. आता दोन-तीन साइट उघडायच्या बंद झाल्या, पानं अर्धवट दिसतात. लोक दाखल्यासाठी रांगेत असतात हो. जुगाड काहीतरी सांगा. — केंद्रचालक

उत्तर : जुगाड आहे पण किती दिवस टिकेल ते विचारू नका.

विंडोज ७ आणि ८ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९, जानेवारी २०२३ चा. फेब्रुवारीत ११० आला तो विंडोज १० पासून पुढंच चालतो. मायक्रोसॉफ्टच्या एजचंही तसंच, कारण २०२० पासून एजच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच सांगाडा आहे. म्हणजे तुमच्या मशीनवरचा ब्राउझर २०२३ मधे गोठलाय आणि साइटवाले मात्र पुढं गेले, मग पान अर्धवट दिसणारच. तो तुमच्या नेटचा किंवा मशीनचा दोष नाही. राहिला फायरफॉक्स. त्यांचं ११५ नंबरचं ईएसआर, म्हणजे जास्त दिवस सांभाळलं जाणारं व्हर्जन, विंडोज ७ वर चालतं, आणि जुन्या विंडोजसाठी त्याची मुदत त्यांनी एकदा नाही, बऱ्याचदा वाढवून दिलीय. ते त्यांच्याच साइटवरनं उतरवा. आजची रांग तेवढ्यावर निघेल.

पण लोकांचे आधार नंबर, बँकेचे तपशील ज्या मशीनवर टाइप होतात तिथं विंडोज ७ ठेवणं मला पटत नाही, त्याला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मधेच सोडून दिलंय. तुम्ही म्हणाल मशीन चांगलं चालतंय, मान्य. घराचं कुलूप पण गंजेपर्यंत चांगलंच चालतं. आणि घाईघाईत विंडोज १० पण टाकून घेऊ नका, त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय बोर्डवर लागते, जुन्या मशीनला बहुतेक नसते. लिनक्स टाकून ब्राउझर झकास चालेल पण तुमच्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर त्यावर चालतो का ते आधी बघा, नाहीतर ब्राउझर नवा आणि अंगठा बंद, रांग तशीच. खरं सांगू का, दोन जुन्यांचे हाल करण्यापेक्षा एक सेकंडहँड पण ११ चालणारं मशीन घ्या, आणि राहिलेली दोन प्रिंट काढायला ठेवा.

प्रश्न : सर, मी टॅक्सचं काम करतो, गणपती पेठेत ऑफिस आहे. डिजिटल सहीचं टोकन लावलेलं आहे, सॉफ्टवेअर चालू आहे, काल संध्याकाळपर्यंत सह्या होत होत्या. सकाळी ब्राउझर स्वतःच अपडेट झाला आणि पोर्टलवर सही होईना, म्हणतं साइनर सापडत नाही. टोकन तीन वेळा काढून घातलं, सॉफ्टवेअर परत टाकलं. शेवटी पार्टनरच्या लॅपटॉपवर केलं. — सांगली

उत्तर : ही खरी अपडेटची केस. कारण सांगायला इथं जरा तपशिलात जातो, माहिती असेल तर वर्षभर त्रास होणार नाही.

पूर्वी या सह्या जावाच्या ॲपलेटनं, म्हणजे पानासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं, ब्राउझरच्या आतच व्हायच्या. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मधे ४५ व्या व्हर्जनला ती व्यवस्थाच काढून टाकली, फायरफॉक्सनं मार्च २०१७ ला. मग उपाय निघाला तो असा, की सहीचा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे साइनर, तुमच्या कॉम्प्युटरवर मागं चालू ठेवायचा आणि पोर्टलच्या पानानं ब्राउझरमधनं तुमच्याच कॉम्प्युटरच्या आत हाक मारायची, की बाबा सही दे. आता विचार करा, सरकारी पोर्टल हाक मारतं तशी कुठलीही फालतू साइट पण तुमच्या कॉम्प्युटरच्या आत किंवा घरातल्या राउटरला हाक मारू शकत होतीच की. म्हणून क्रोम १४२ पासून ब्राउझर आधी विचारतो, ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरच्या डिव्हाइसला जोडू बघतेय, परवानगी द्यायची का?

ती खिडकी वर डाव्या कोपऱ्यात येते. आणि आपली सवय कशी, काहीही विचारलं की नको, ब्लॉक, क्रॉस. नोटिफिकेशनवाल्यांनी लावलेली सवय आहे ती, तुमचा दोष नाही. एकदा ब्लॉक दाबलं की परत विचारत नाही, आणि पोर्टलला फक्त एवढंच कळतं की साइनर सापडत नाही.

पोर्टलचं पान उघडं ठेवा, पत्त्याच्या डाव्या बाजूला दोन घसरपट्ट्यांसारखं चित्र असतं त्यावर क्लिक करा, साइट सेटिंगमधे जा, लोकल नेटवर्कची परवानगी शोधा आणि तेवढ्या पोर्टलला द्या. बाकी कुणाला देऊ नका. पान रिफ्रेश करा. टोकन बिचाऱ्याला आता काढून घालू नका, त्याचा खटका ढिला होईल.

जाता जाता, काही ऑफिसांच्या जुन्या साइट अजून इंटरनेट एक्सप्लोरर मागतात. तो १५ जून २०२२ ला निवृत्त झालाय, पण एजमधे आयई मोड, म्हणजे एक्सप्लोररच्या पद्धतीनं साइट उघडायची सोय आहे, आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. कुठूनतरी जुना एक्सप्लोरर डाउनलोड करत बसू नका.

प्रश्न : दूध संस्थेचा सचिव आहे, पलूस तालुका. अपडेट झाल्यापासून एकही साइट धड उघडत नाही. लाल त्रिकोण येतो आणि तुमचं कनेक्शन खासगी नाही म्हणतो. आम्ही कुठं खासगी म्हणतोय, संस्थेचंच आहे. कॉम्प्युटरवाला फॉरमॅट मारावा लागेल म्हणतोय. मारू का?

उत्तर : थांबा! फॉरमॅट मारू नका! उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळ आणि तारीख बघा आणि मग पुढचं वाचा.

हे मी एवढ्या खात्रीनं का सांगतोय, तर याच महिन्यात असाच एक सीपीयू दुकानात आला होता, सोबत पोत्यात गुंडाळलेला यूपीएस. "अपडेटनं व्हायरस आणला" म्हणून. चालू केला, पाटी तीच. कोपऱ्यात बघतो तर तारीख १ जानेवारी, सालही जुनंपुराणं. झाकण काढलं, बोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा सपाट सेल असतो, सीआर २०३२ नंबरचा, तो मेलेला. हा सेल कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. संस्थेत रात्री जाताना मेन स्विच बंद करायची शिस्त असते, चांगलीच आहे, पण सेल मेला असेल तर सकाळी कॉम्प्युटरला वाटतं आपण आत्ताच जन्मलो. आणि प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं. ब्राउझर ती तारीख तुमच्या घड्याळाशी ताडून बघतो. तुमचं घड्याळ जर कित्येक वर्षं मागं असेल तर त्याच्या हिशोबानं साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, मग तो लाल पाटी लावतो. बिचारा बरोबरच वागतोय.

सेल किरकोळ किमतीला कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो. बदला, तारीख नीट करा, संपला विषय. त्या लाल पानावर खाली बारीक अक्षरात एक कोड असतो, त्यात इंग्रजीत डेट हा शब्द दिसला की समजायचं घड्याळाचं दुखणं आहे. दुसरा शब्द असेल तर मला फोटो पाठवा. आणि ज्यानं फॉरमॅट सांगितलं त्याला काही बोलू नका, फक्त पुढच्या वेळी बोलावू नका.

प्रश्न : मी साताऱ्यात कॉलेजला आहे. पप्पा मोबाईलवर फुकट क्रिकेट बघत होते तेव्हा लाल स्क्रीन आली, तुमचा क्रोम जुना झाला आहे लगेच अपडेट करा नाहीतर फोन बंद पडेल. पप्पांनी तुमचं मागच्या अंकातलं वाचलेलं होतं म्हणून त्यांनी लगेच अपडेट मारला. आता फोनवर सारख्या जाहिराती येतात. काय करू?

उत्तर : अरे देवा, म्हणजे याला मीपण थोडा जबाबदार. पप्पांची माफी मागतो.

तो अपडेट नव्हता, एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं ॲप टाकायची फाइल. ब्राउझरचा खरा अपडेट कधीही कुठल्या साइटच्या पानावर येत नाही. मोबाईलवर तो प्ले स्टोअरमधनंच येतो, कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत येतो, तीन टिंबांच्या जागी. आणि खरा अपडेट कधी घाबरवत नाही, फोन बंद पडेल वगैरे भाषा चोरांचीच. क्रोममधे तर नुसता रंग बदलतो, हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवस नाही झाले, नारिंगी म्हणजे चारेक दिवस, लाल म्हणजे आठवडा उलटला. एवढाच त्याचा ओरडा.

आता लगेच फोनचं नेट बंद करा, म्हणजे वायफाय आणि डेटा दोन्ही. ॲपच्या यादीत त्या दिवशी आलेलं अनोळखी ॲप शोधा, नाव क्रोमसारखंच असेल किंवा नावच नसेल, काढून टाका. निघत नसेल तर सेफ मोडमधे, म्हणजे बाहेरची ॲप बंद ठेवून फोन चालू करून, काढा. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधे (ही परवानगी मिळाली की ॲप स्क्रीन वाचू शकतं) कुणाला परवानगी दिलीय का बघा, तिथंच खरी मेख असते. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरनं बदला, आणि खात्यातनं एक रुपया जरी गेलेला दिसला तरी विचार करत बसू नका, १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठी तोच नंबर आहे आणि जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

प्रश्न : वाईला मुद्रितशोधनाचं काम करते. नवीन कॉम्प्युटर आणि नवा ब्राउझर आल्यापासून काही साइटवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, काही साइटवर आपले मराठी. एकाच ब्राउझरमधे दोन ल! माझं डोकं फिरलंय. लेखक चुकतोय का ब्राउझर?

उत्तर : ताई, असा प्रश्न वाईवरनंच यायचा, विश्वकोशाचं गाव ते! बाकी जगाला दोन ल आहेत हेच माहिती नाही.

लेखक चुकत नाही. युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, ल एकच आहे, त्याचं रूप फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमधे एकच वळण असतं, चांगल्या फॉन्टमधे दोन्ही असतात, आणि मग ब्राउझर बघतो की पान बनवणाऱ्यानं "हे पान मराठी आहे" असं आत लिहून ठेवलंय का. लिहिलं असेल तर मराठी ल, नसेल तर फॉन्टचा जो मूळचा असेल तो. बऱ्याच मराठी साइटवाल्यांनी आत इंग्रजी नाहीतर हिंदी लिहून ठेवलेलं असतं, कुठलातरी तयार साचा उचलला की तसंच राहतं. जुन्या कॉम्प्युटरवर तुमच्या ब्राउझरचा फॉन्ट वेगळा लावलेला असणार म्हणून तिथं जाणवलं नाही.

क्रोमच्या सेटिंगमधे अपिअरन्समधे कस्टमाइझ फॉन्ट्स आहे, तिथं स्टँडर्ड फॉन्ट बदलता येतो. गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो, गंमत म्हणजे त्या लोकांनी मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच काढलेत, म्हणजे तुमचं दुखणं कळणारं जगात कुणीतरी आहे. तो टाका. पण ज्या साइट स्वतःचा फॉन्ट सोबत घेऊन येतात तिथं ल तसाच राहील, तिथं त्या साइटवाल्याला पत्र लिहा. तुम्ही लिहिलंत तर वाचतील.

प्रश्न : जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन क्रोमनं आपोआप बंद केलं. परत चालू होईल का? — विटा

उत्तर : तेच नाही होणार. क्रोमनं एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला वरनं जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे, नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही ३ म्हणतात, आणि यूब्लॉक ओरिजिनसारखी जुन्या नियमांवरची २०२४-२५ मधे बंद पाडली. यूब्लॉक ओरिजिन लाइट नावाचं हलकं मिळतं, बऱ्यापैकी चालतं. पूर्ण ताकदीचं हवं तर फायरफॉक्सवर या, तिथं जुनं चालू आहे. जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीनं जाहिरात अडवणाऱ्याला आवळलं यात मला तरी नवल वाटलं नाही.

प्रश्न : दर महिन्याला नवं व्हर्जन कशाला लागतं? आम्ही काय मागितलं होतं का? — एक त्रासलेला, मिरज

उत्तर : नव्हतं मागितलं. तुम्हाला खरं वाटणार नाही पण एके काळी लोक नव्या ब्राउझरची वाट बघायचे. जून २००८ मधे फायरफॉक्स ३ आला तेव्हा एका दिवसात ८० लाखांवर डाउनलोड झाले आणि गिनेसमधे नोंद झाली. त्यातलं एक आमचं, सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन. तेव्हा व्हर्जन दोन-दोन वर्षांनी यायचं. आता क्रोम २०२१ पासून चार-चार आठवड्यांनी नंबर वाढवतो, मधे सुरक्षेची ठिगळं वेगळीच. ठिगळं हवीतच, कारण सापडलेलं भोक जाहीर झालं की चोरांना पण कळतं. नवी बटणं आणि गोल कोपरे मात्र त्याच्यासोबत गळ्यात मारतात, तिथं तुमचा राग रास्त आहे. डाळ हवी असेल तर खडे पण घ्या, अशातला प्रकार.

प्रश्न : ब्राउझर सारखा रिलाँच करा म्हणतोय, पण माझे पस्तीस टॅब उघडे असतात. दाबलं तर जातील का? — इस्लामपूर

उत्तर : साधे टॅब परत उघडतात, नाही उघडले तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबा. पण दोन गोष्टी परत येत नाहीत. इन्कॉग्निटोमधे, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडलेलं काहीच येत नाही. आणि अर्धवट भरलेला फॉर्म, पान परत येतं पण आतलं लिहिलेलं बऱ्याचदा येत नाही. त्यामुळं आधी भरलेलं सबमिट करा, मग जेवायला जाताना रिलाँच दाबून जा. ३१ मार्चच्या संध्याकाळी तर दाबूच नका. मी एकदा दाबलं होतं, दुकानाचाच फॉर्म होता, चौथ्या पानावर आलो होतो. बायको जेवायला हाका मारत होती, आणि मी तिला म्हणालो, "अपडेट मारला आणि…"